नऊ घरं, एक स्वयंपाकघर आणि काकूंचं मत

आम्ही नऊ कुटुंबं. घरं वेगवेगळी, पण मोठं स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच आणि रात्रीचं जेवण पाळीपाळीने, असं ठरलं होतं. जागा पाहिली ती नाशिकजवळ, मखमलाबादकडे. सातबारा शेतीचा, आणि आमच्यात शेतकरी दोघंच. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बाकीच्यांना परवानगीशिवाय ती घेता येत नव्हती. "दोघांच्या नावावर घेऊन टाकू, आपण काय परके आहोत?" असं कुणीतरी म्हणालं. मला त्या रात्री झोप लागली नाही. सात कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी तोंडी शब्दावर कशी ठेवायची? ती जागा सोडली आणि एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट शोधला.

मग दर रविवारी गंगापूर रोडला आमच्या घरी बैठक. प्रश्न एकच, ही सामायिक मालकी कायद्याच्या कोणत्या चौकटीत बसवायची: ट्रस्ट, अपार्टमेंट की सोसायटी? ट्रस्टचा विषय लवकर मिटला. सार्वजनिक न्यासाची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी हवी, शिवाय मुलांच्या नावे काहीच राहत नाही. खरा प्रश्न होता अपार्टमेंट की सोसायटी.

बहुतेकांचा कल अपार्टमेंटकडे होता, माझाही. १९७० च्या कायद्याखाली घर आपल्या नावावर नोंदवलेलं असतं, विकायलाही मोकळीक. वकिलांनी डीड ऑफ डिक्लेरेशनचा, म्हणजे मालकीच्या घोषणापत्राचा मसुदा दिला. त्यात प्रत्येक घरापुढे सामायिक जागेतल्या हिश्श्याचे टक्के. आमच्या नऊ घरांतल्या एका घराच्या काकूंनी चष्मा पुसला, एकेका ओळीवरून बोट फिरवत नेलं आणि स्वतःच्या वन बीएचकेपाशी थांबवलं. सहा टक्के.

"मतही तेवढंच का हो?"

तेवढंच. हिस्सा घराच्या किमतीवर, आणि मत हिश्श्यावर. आमचं घर सर्वात मोठं, सतरा टक्के. एकाच ताटात जेवायला निघालेल्या माणसांत माझं मत काकूंच्या जवळपास तिप्पट! तिथेच माझा कल बदलला.

१९६० च्या सहकार कायद्यात सदस्याला एक मत, घर केवढंही असो. पूर्वी किमान दहा सदस्य लागत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच पुरतात, त्यामुळे नऊ जणांची अडचण नव्हती. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेची, हे काहींना जड गेलं. मला जड गेलं ते वेगळंच. उद्या कुणी घर विकलं, तर पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, मग त्याला एकत्र जेवण नको असलं तरी.

शेवटी सोसायटीच निवडली आणि तिचे उपविधी, म्हणजे अंतर्गत नियम, ठरलेल्या नमुन्याप्रमाणेच ठेवले. स्वयंपाकाच्या पाळ्या, भांडण कसं मिटवायचं, घर विकण्याआधी बाकी आठांना विचारायचं, हे सगळं वेगळ्या करारात लिहिलं. न्यायालयात त्याचं बळ उपविधींइतकं नाही, हे वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरीही सगळ्यांनी सह्या केल्या.

पहिल्या सभेत सामायिक स्वयंपाकघर तळमजल्यावरच हवं, असा काकूंचा ठराव आला. आम्ही विरोधात होतो. पाच विरुद्ध चार मतांनी तो मंजूर झाला. टक्क्यांनी मोजला असता, तर पडला असता.