जनरेटरचा षड्ज

जुलै महिना, बाहेर बेळगावचा पाऊस. टिळकवाडीतल्या एका जुन्या सभागृहात चौघांच्या बँडचा कार्यक्रम होता: गिटार, बास, ड्रम्स, कीबोर्ड. साऊंड आणि १६ ट्रॅकचं रेकॉर्डिंग, दोन्ही कामं माझ्याकडे. शेवटचा तुकडा लिहिलेला नव्हता. ठरलं होतं ते इतकंच, की बास आणि ड्रम्स सात मात्रांचं एक आवर्तन जी सुरात फिरवत ठेवतील आणि त्यावर गिटार सहा-सात मिनिटं सुचेल ते वाजवेल. खालच्या त्या फिरत्या तुकड्याला हे लोक व्हॅम्प म्हणतात. आपल्याकडे तबल्याच्या सोलोला लेहरा असतो, तेच काम.

सकाळी अकराला गिटारचा ॲम्प लावला आणि हमिंग सुरू झालं. गिटार सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे आजूबाजूच्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र ती अँटेनासारखी पकडणारच. पण इतकं? मीटर लावला तर त्या बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११ व्होल्ट. दोन-तीनच्या वर आकडा गेला की मी त्या बोर्डावर काहीच लावत नाही. उघडून पाहिलं तर न्यूट्रलचा स्क्रू सैल, वायर काळी पडलेली. वायर सोलून नव्यानं कसली, लाइटचे डिमर एका फेजवर टाकले, साऊंड सगळं दुसऱ्या फेजवर, एकाच बोर्डावरून, एकाच अर्थवर. कीबोर्ड मिक्सरला जोडणाऱ्या डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या केबलची अर्थ तोडणारं, बटण दाबलं. हमिंग चार आणे उरलं. काही जण अशा वेळी ॲम्पच्या प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात. ते कधीही करू नये. गिटारवाल्याचा हात तारांवर असतो आणि ओठ माइकला टेकतात; त्या दोहोंत फरकाचं व्होल्टेज आलं तर माणूस जागेवर जातो.

ॲम्प खुर्चीवर ठेवून मागं कलता केला, एसएम ५७ माइक जाळीपासून दोन बोटांवर, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेला. बरोबर मधोमध धरला तर आवाज टोचतो. फीडबॅकसाठी, म्हणजे ॲम्पच्या आवाजानंच तार थरथरत राहावी म्हणून, गिटारवाल्यानं स्वतः जमिनीवर पांढरी टेप चिकटवली. वरच्या जीला, ३९२ हर्ट्झला, हवेतली लहर साधारण ८७ सेंमी लांब. ॲम्पपासून ४०-४५ सेंमी पुढं-मागं सरकलं की तोच सूर धरण्याऐवजी सुटतो आणि भलताच वर उसळतो. त्या टेपवर उभं राहून तो सूर हवा तितका वेळ धरत होता.

असा सोलो ऐकायचा कसा, हे मला नेहमी विचारलं जातं. माझं सांगणं, पहिली दोन-तीन आवर्तनं गिटारकडे लक्षच देऊ नका. बास ऐका, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठं पडते ते अंगात मुरू द्या. मग गिटार काय करते ते आपोआप कळतं. या पोरानं चार मात्रांचा एक तुकडा घेतला आणि सातांच्या आवर्तनावर तसाच फिरवला. तुकडा दर वेळी वेगळ्या मात्रेवर सुरू होतो, ऐकणाऱ्याचा पाय चुकतो, आणि बरोबर २८ मात्रांनी दोघं समेवर भेटतात. मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे १४ सेकंद. ज्यानं मात्रा धरल्या त्याला ते १४ सेकंद फार मोठे वाटतात आणि भेट झाली की खुर्चीतून उठावंसं वाटतं. नुसती बोटांची चपळाई पाहणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही.

अमेरिकन रॉक गिटारवादक फ्रँक झापा यांच्या सोलोंची गंमत तिथंच आहे. १९८१ मध्ये त्यांनी मैफलींतले सोलो वेगळे काढून तीन तबकड्या काढल्या, स्टीव्ह वाय यांनी ते कागदावर उतरवले. खाली एक-दोन कॉर्ड, वर पुष्कळदा तीव्र मध्यमाचा लिडियन, म्हणजे आपला कल्याण थाट. सगळा खेळ ड्रमरशी चाललेला.

माझ्या मिक्सरशेजारी शहापूरचे एक निवृत्त तबलावादक बसले होते. पहिल्या तुकड्यापासून मांडीवर ताल धरलेला. मी सहज म्हटलं, "काका, रूपक ना?"

"न्हवे की रे. रूपकात समेवर खाली. हा तर समेवर घाव घालतोय. तेवरा म्हण."

खरंच. दोन्ही ताल सात मात्रांचे, पण ड्रमरचा किक, म्हणजे पायानं वाजवायचा ड्रम, पहिल्याच मात्रेवर होता. त्यानंतर मी मिक्समध्ये किक थोडा वर घेतला, कारण सगळ्या आवर्तनाचा खुंटा तोच होता.

रात्री ८:४० ला, सोलो सुरू होऊन चार मिनिटं झालेली, वीज गेली.

मिक्सर आणि रेकॉर्डर यूपीएसवर होते, ते चालू राहिले. बाकी सगळं बंद. ड्रमर थांबला नाही. काळोखात नुसत्या ड्रम्सवर तेवरा चालू, काकांची मांडीही चालू. २२ सेकंदांनी जनरेटरनं भार घेतला. ॲम्प व्हॉल्व्हचा, तेवढ्या वेळात फिलामेंट पुरते थंड होत नाहीत, म्हणून आवाज लगेच आला. पण पेडलचा ९ व्होल्टचा सप्लाय गेल्यामुळं लूपरमधला, म्हणजे वाजवलेलं धरून फिरवत ठेवणाऱ्या पेडलमधला, तुकडा पुसला गेला होता. गिटारच्या खाली जो सूर सतत वाजत होता तो नाहीसा झाला.

आणि हमिंग परत आलं, सकाळपेक्षा मोठं. जनरेटर सिंगल फेज. लाइट आणि साऊंड पुन्हा एकाच तारेवर.

माझं बोट गेटच्या बटणावर गेलं. गेट लावला की मधल्या जागांतलं हमिंग कापलं जातं, पण सुरांच्या शेपट्याही कापल्या जातात. दाबणार तोच पाहिलं, गिटारवाला वाजवायचा थांबून ऐकत होता. मग त्यानं चौथ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर जी धरला आणि तार हळूहळू वर ओढू लागला.

मी मीटर फ्रिक्वेन्सीवर टाकला: ५१.४ हर्ट्झ. जनरेटरचं असंच असतं. भार कमी असला की वेग सांभाळणारा गव्हर्नर इंजिन थोडं जास्त पळवतो. १२ इंची गिटार स्पीकरमधून ५१ चा पाया जवळजवळ येतच नाही. ऐकू येतात ते त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट. दुप्पट हा सा धरला तर तिप्पट पंचम, चौपट वरचा सा, पाचपट गंधार. काकांनी माझ्या दंडाला हात लावला. "तंबोरा आहे हा. गंधार पण बोलतोय, ऐक."

कुमार गंधर्वांचं सुळेभावी इथून जवळच. तंबोऱ्यातला स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार ऐकण्याची सवय असलेले कान या भागात अजून आहेत. रॉकच्या कार्यक्रमात तो कुणी ओळखेल असं मात्र मला वाटलं नव्हतं.

चौपटीचा सूर २०५.६, गिटारचा जी १९६. दोन्ही एकाच फझमधून, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमधून, जाताना सेकंदाला नऊ-दहा थरथरी, गुरगुरल्यासारख्या. तार वर जाईल तशा त्या मंदावत गेल्या: सहा, तीन, एक. मग थांबल्या. जवळजवळ पूर्ण अर्धा सूर ओढलेली तार आणि खालचा जनरेटर एक झाले. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

बासवाल्याची अडचण झाली. त्याचा जी ४९ हर्ट्झवर, पडद्यांत बांधलेला. तो वाजवला की बेसूर. दोन आवर्तनांत त्याच्या ध्यानात आलं. त्यानं तारांवर डावा तळवा टेकवला आणि नुसते मुके ठोके द्यायला लागला. कीबोर्डवाल्यानं हातच उचलले. आता खाली तेवरा आणि षड्ज, वर एकटी गिटार.

मी गेट लावलाच नाही. गिटारच्या चॅनेलचा हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक आकड्याखालचे सूर कापणारा, ९० वरून ६० वर आणला, म्हणजे षड्ज मोठ्या स्पीकरमधून भरून येईल. फझची एक खोड इथं कामी आली. सूर जोरात वाजला की हमिंग दबतं, सूर विरला की पुन्हा वर येतं. प्रत्येक वाक्यानंतर तंबोरा आपोआप पुढं यायचा. शिवाय सिंगल कॉइलला दिशा असते: गिटार डिमरच्या पेटीकडे केली की हमिंग वाढतं, काटकोनात वळवली की जवळजवळ जातं. मिनिटभरात त्यानं ते हेरलं आणि अंग वळवून षड्ज लहान-मोठा करू लागला.

मग लाइटवाल्यानं शेवट जवळ आला समजून सगळे लाइट चढवले. भार वाढला, इंजिन दबलं, मीटर ५१.४ वरून ४९.९ वर. अख्खा षड्ज अर्ध्या सुराच्या निम्म्याइतका खाली घसरला. मी हातानं लाइटवाल्याला आहे तिथंच थांब म्हणून खुणावलं. गिटारवाल्यानं ओढलेली तार त्या घसरणीबरोबर सोडत आणली, एकदाही न तुटता, आणि खाली पोचल्यावर पुन्हा चार मात्रांचा तोच तुकडा घेतला. २८ मात्रा. समेवर किक, काकांचा हात आणि तार, तिन्ही एकत्र.

आठ दिवसांनी बँडकडून निरोप आला, रेकॉर्डिंगमधलं हमिंग काढून द्या. ५० आणि त्याच्या पटींवर फिल्टर लावून भागलं नाही, कारण जनरेटरचा आकडा हलता होता. मग नॉइज रिडक्शननं तुकड्या-तुकड्यानं साफ केलं. ऐकलं, तर गिटार बेसूर. ज्या सुराला ती लावली होती तोच मी काढून टाकला होता. झापा एका मैफलीतला सोलो उचलून भलत्याच तालावर बसवत, त्याला झेनोक्रोनी म्हणत. इथं तो मार्गच नव्हता. या सोलोला त्या रात्रीच्या इंजिनाखेरीज दुसरी कुठलीच पट्टी लागू होत नाही.

मूळ आणि साफ केलेली, दोन्ही फायली पाठवल्या. दुसऱ्या दिवशी गिटारवाल्याचा फोन आला. सुरुवातीची चार मिनिटं साफ ठेवा म्हणाला, वीज आल्यापासून पुढं हातच लावू नका, आणि जमलं तर १०० च्या आसपास दोन डेसिबल वाढवा. मी तीन वाढवले.