वांग्यातला भुंगा

आमच्या यावलकडे केळीला कुणाची गरज नाही, परागीभवनाशिवायच घड धरतो. भरिताच्या वांग्याची तऱ्हा वेगळी. पराग पिवळ्या नळ्यांत कोंडलेला, टोकाला बारीक छिद्र. काळा भुंगा फुलाला कवटाळून असा गुरगुरतो, की पराग भुरभुर त्याच्या पोटावर सांडतो. पेटीतल्या सातेरी मधमाशीला ही गुरगुर जमत नाही.

अळीसाठी लोक सकाळीच पंप पाठीवर घेतात, ऐन भुंग्यांच्या वर्दळीत! मी दिवस कलल्यावर फवारतो. कपाशीच्या बियाण्याला मात्र इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक बहुधा चोळलेलंच येतं. ते झाडात भिनून परागापर्यंत पोचतं. तिथे माझी वेळ काय कामाची?

बांधावरचा वाळका बांबू आई सरपणाला मागते. त्यात भुंग्याचं घर आहे म्हटलं, तर म्हणे, "मग चुलीत काय भुंगे घालू?"