चार बोटांचा प्ले

मिस्त्री पिकअपखाली आडवा, नुसते पाय बाहेर. "दादा, हलवा," खालून आवाज आला. मी इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवत बसलो. चार बोटं फिरलं तरी चाकं ढिम्म, मग खाली 'कट्'. हाच तो प्ले, स्टेअरिंगमधला ढिलेपणा.

"सापडलं. टाय रॉड एंड गेलाय. रबर फाटलंय, आत ग्रीस कमी नि माती जास्त." टाय रॉड एंड म्हणजे स्टेअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा.

मी म्हटलं, त्यापेक्षा वरचा स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळ की. तो हसला. सगळे तेच सांगतात म्हणे. स्क्रू जास्त पिळला की प्ले गेल्यासारखा वाटतो, पण वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही, ओढून आणावं लागतं.

हा प्ले आमच्या घरात फार जुना. टोमॅटोचे क्रेट भरून अण्णा पहाटे नारायणगावला निघायचे, मी मधे, गिअरच्या दांड्याला गुडघा लागू न देता. सरळ रस्त्यावरही अण्णांचे हात सारखे चालू: थोडं इकडं, थोडं तिकडं. मला वाटायचं, गाडी चालवतात ती अशीच. अंगणात उभ्या गाडीत बसून मीही तोंडानं भुर्र करत स्टेअरिंग घुसळायचो. पुढं मोटार ट्रेनिंगच्या गाडीतही घुसळलं. पहिल्याच दिवशी शिकवणारे ओरडले, "अहो, जातं आहे का ते? दळण काढताय?"

तेव्हापासून एक खोड लागलीय. कुणाच्याही गाडीत बसलो की आधी चालवणाऱ्याचे हात बघतो. हात स्थिर असले की मला उगाच भीती वाटते.

असो. नवे एंड बसले, कॅसल नटात स्प्लिट पिना गेल्या, ग्रीस मारलं. चाकांची अलाइनमेंट उद्या करून घ्या, असं मिस्त्रीनं दोनदा बजावलं. अण्णा चक्कर मारायला बसले. गाडी फाटकातून निघाली ती नागमोडी; हातांना सवय चार बोटांची, आणि आता बोटभर हलवलं तरी चाक वळतंय. कडेची कोंबडी जिवानिशी वाचली.

परत आले, उतरले, घाम पुसला.

"काय रे," मिस्त्रीला म्हणाले, "जुने एंड टाकले नाहीस ना अजून?"