केंद्रकाच्या दारात अडणारी लस

डीएनए लशीत रोगजंतूच्या एखाद्या प्रथिनाचं जनुक टोचतात; आपल्याच पेशी ते प्रथिन बनवतात आणि प्रतिकारशक्ती त्याला ओळखायला शिकते. ही लस उंदरात झकास चालते आणि माणसात मंदावते, हे वाक्य वरचेवर कानावर पडतं. त्याचं कारण मात्र क्वचितच कुणी हिशेब मांडून सांगतं.

उंदराच्या मांडीच्या स्नायूत साधारण ५० मायक्रोलिटर द्रावणातून १०० मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड, म्हणजे लशीचं जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ, टोचतात. उंदीर २० ग्रॅमचा असेल, तर मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम झाली. त्याच हिशेबाने ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम लागतील. प्रत्यक्षात दिले जातात १ ते ६ मिलिग्रॅम. शिवाय इवल्याशा स्नायूत ५० मायक्रोलिटर शिरले की आतला दाब वाढतो आणि त्या रेट्याने थोडा डीएनए पेशीत ढकलला जातो. माणसाच्या दंडात १ मिलिलिटर दिलं तरी तो रेटा मिळत नाही. द्रावण तंतूंच्या मधे पसरतं आणि तिथली डीएनएज विकरं (डीएनए कापणारी प्रथिनं) डीएनएचे तुकडे करायला लागतात.

जो डीएनए पेशीत शिरतो त्याचंही काम संपलेलं नसतं. एमआरएनए लशीला पेशीद्रवात पोचलं की पुरतं. डीएनएला मात्र केंद्रकात जावंच लागतं, कारण आरएनए तिथेच उतरवला जातो. पेशी विभागताना केंद्रकाचं पटल विरघळतं, तेव्हा वाट मिळते. पण स्नायूतंतू विभागत नाहीत. पाच हजार बेसजोड्यांच्या प्लाझ्मिडच्या १ मायक्रोग्रॅममध्ये सुमारे १८ हजार कोटी प्रती असतात. एवढ्या ओतायच्या, तेव्हा कुठे मोजक्या केंद्रकापर्यंत जातात.

म्हणून प्लाझ्मिडची बांधणी कंजूषपणे करून भागत नाही. पुढे सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूचा जोरकस प्रमोटर (जनुक चालू करणारा तुकडा), मग माणसाच्या पेशीला सोयीचे कोडॉन (तीन-तीन अक्षरांचे शब्द) निवडून लिहिलेलं अँटिजेनचं, म्हणजे प्रतिकारशक्तीने ओळखायच्या प्रथिनाचं जनुक आणि शेवटी आरएनए कुठे संपवायचा ते सांगणारा पॉलिए संकेत. प्रतिपिंडं हवी असतील तर अँटिजेनच्या सुरुवातीला प्रथिन पेशीबाहेर धाडणारा संकेत-पेप्टाइड जोडावा. प्लाझ्मिड जिवाणूत वाढवताना ते असलेलेच जिवाणू निवडण्यासाठी कॅनामायसिन-प्रतिकाराचं जनुक घेतात. अँपिसिलिन टाळतात, कारण ते पेनिसिलिनच्याच कुळातलं आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना अंशमात्र अवशेषही नको.

ई. कोलाय या जिवाणूतून प्लाझ्मिड काढताना हात हलका हवा. सोडियम हायड्रॉक्साइड आणि एसडीएस या साबणासारख्या रसायनाच्या द्रावणात पेशी फुटल्या की मिश्रण घट्ट, तारेसारखं ओढलं जाणारं होतं. इथे नळी जोरात हलवली की जिवाणूचा स्वतःचा गुणसूत्री डीएनए तुटतो आणि ते तुकडे पुढे प्लाझ्मिडबरोबरच येतात. सावकाश उलटसुलट करायचं, पाच मिनिटांच्या वर ठेवायचं नाही, मग पोटॅशियम अ‍ॅसिटेट घालायचं. पांढरा, फाटलेल्या दुधासारखा गोळा वर येतो. प्लाझ्मिड खालच्या नितळ द्रवात राहतं. एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातलं विष, वेगळं काढावं लागतं. ते राहिलं तर ताप येतो, आणि प्रयोगात प्रतिकारशक्ती लशीमुळे जागी झाली की घाणीमुळे, हे कळेनासं होतं. प्लाझ्मिडचा बहुतेक हिस्सा अखंड, पिळदार सुपरकॉइल रूपात हवा; ८० टक्क्यांहून जास्त हा परिचित निकष.

आता प्रतिकारशक्तीकडे. स्नायूपेशी अँटिजेन बनवते, पण कोऱ्या, अजून कामाला न लागलेल्या टी-पेशीला (प्रतिकारशक्तीच्या एका पांढऱ्या पेशीला) जागं करायला लागणारे सहसंकेत तिच्याकडे नसतात. ते काम डेंड्रिटिक पेशींचं, म्हणजे अँटिजेन उचलून टी-पेशींना दाखवणाऱ्या पेशींचं. त्या स्नायूतून बाहेर पडलेलं प्रथिन उचलतात किंवा थोडं प्लाझ्मिड स्वतःच घेतात आणि लसिकाग्रंथीत जातात. पेशीच्या आतच बनलेल्या प्रथिनाचे तुकडे एमएचसी-१ या पेशीपृष्ठावरच्या दाखवणाऱ्या रेणूवर चढतात आणि मारक सीडी८ पेशी तयार होतात. एमएचसी-२ या दुसऱ्या तशाच रेणूवरच्या तुकड्यांनी मदतनीस सीडी४ पेशी. बी-पेशी मोकळं प्रथिन पकडून प्रतिपिंडं बनवतात. मला डीएनए लशीत सर्वांत मोलाची वाटते ती ही मारक पेशींची बाजू. धोक्याची घंटा डीएनए स्वतःच वाजवतो: पेशीद्रवात दुपदरी डीएनए दिसला की सीजीएएस आणि स्टिंग या प्रथिनांची साखळी इंटरफेरॉन हा इशारा देणारा रेणू सोडते. जिवाणूंच्या डीएनएत आढळणाऱ्या सीपीजी खुणा टीएलआर९ हा ग्राही ओळखतो, पण माणसात तो मोजक्याच पेशींत असल्याने त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये.

आत शिरण्याची अडचण साधनांनी बरीच सुटली. इलेक्ट्रोपोरेशनमध्ये टोचल्याजागी विजेचे क्षणिक झटके देतात. पटलाला तात्पुरती छिद्रं पडतात आणि प्रथिन कित्येक पटींनी वाढतं. झटका दुखतो, हा खरा अडथळा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्कपूर्व बदलांवरच्या व्हीजीएक्स-३१०० या डीएनए लशीच्या चाचणीत असे ६ मिलिग्रॅमचे तीन डोस दिले होते. २०१५ साली आलेल्या निकालात लस घेतलेल्यांपैकी ४९.५ टक्के स्त्रियांचे बदल मागे हटले, नकली लशीच्या गटात ३०.६ टक्के. झायकोव्ह-डी या कोविडवरच्या भारतीय डीएनए लशीने दुसरी वाट धरली: सुईविना, दाबाच्या झोताने त्वचेत. ०.१ मिलिलिटरचे दोन फवारे मिळून २ मिलिग्रॅम, असे ०, २८ आणि ५६ व्या दिवशी. २० ऑगस्ट २०२१ रोजी तिला भारतात आपत्कालीन मंजुरी मिळाली. अंतरिम परिणामकारकता ६६.६ टक्के होती. त्वचेत डेंड्रिटिक पेशी दाट असतात, म्हणून ही जागा मला स्नायूपेक्षा शहाणपणाची वाटते.

प्रयोगात प्रतिपिंडं आलीच नाहीत, तर लगेच मात्रा वाढवू नये. आधी तेच प्लाझ्मिड एचईके२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घालावं आणि ४८ तासांनी पेशींत व वरच्या द्रवात वेस्टर्न ब्लॉटने (प्रतिपिंड वापरून प्रथिन शोधण्याच्या चाचणीने) प्रथिन पाहावं. पेशींत आहे पण द्रवात नाही, तर संकेत-पेप्टाइड तपासावं. दोन्हीकडे नसेल, तर जनुकाचा क्रम पुन्हा वाचून घ्यावा.