पांढरा राखायचा असतो

शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला आम्ही पोस्टर कलर वापरायचो. चुकलं की वरून पांढरा फासायचा, झालं! तीस वर्षांनी जलरंगासाठी पुन्हा ब्रश हाती घेतला आणि नेमकी तीच सवय आडवी आली.

काढायला घेतला होता बीबी का मकबरा. छत्रपती संभाजीनगरात राहून दुसरं काय सुचणार! आकाश रंगवलं, घुमटावर पांढरा चढवला. वाळल्यावर घुमट चुन्याचे पोपडे धरल्यासारखा मळकट दिसायला लागला. शिकवणारे सर म्हणाले, "ताई, जलरंगात पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो. कागद हाच आपला पांढरा."

जलरंगात असते रंगाची बारीक पूड आणि बाभळीच्याच कुळातल्या झाडाचा डिंक. पाण्यात हा रंग इतका पातळ होतो की उजेड रंगातून कागदापर्यंत जातो आणि परत येतो. म्हणून आधी फिकट, मग गडद.

आधी मी कार्ट्रिजच्या, म्हणजे साध्या चित्रकलेच्या कागदाच्या वहीत करायचे. पाणी पडलं की पान पापडासारखं फुगायचं. आता ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कॉटन कागद आणते, मोठ्या तावाचे आठ तुकडे करते. रंग विद्यार्थ्यांचे साधे चालतात, सुरुवातीला १० नंबरचा एक गोल ब्रशही पुरतो. काटकसर कागदात करू नका, एवढंच माझं ठाम म्हणणं आहे.

खरा कस लागला एप्रिलमध्ये. चाळिशी ओलांडलेलं ऊन, डोक्यावर पंखा. आकाश अर्ध्यावर येईपर्यंत वरचं वाळून पट्टे उमटायचे. आता पहाटे बसते, पंखा बंद. निळा आधीच वाटीत भरपूर कालवून ठेवते. बोर्डाखाली पुस्तक सरकवून उतार देते. भरलेला ब्रश आडवा ओढला की खालच्या कडेला रंगाचं पाणी साचून राहतं. पुढचा फटकारा त्या ओल्या कडेला टेकवूनच ओढायचा, ती कड वाळू द्यायची नाही. शेवटी तळाशी उरलेलं पाणी पिळलेल्या ब्रशनं टिपून घ्यायचं.

आणि मग हात लावायचा नाही! एकदा मी अर्धवट वाळलेल्या आकाशात पाणीदार ब्रश टेकवला. पाण्यानं रंग ढकलला आणि तिथे फुलकोबीसारखी कातरी कड उमटली. ती काही केल्या जाईना.

कितीतरी कागद वाया गेल्यावर एका सकाळी घुमटाची पेन्सिलरेघ अगदी हलकी काढली. आकाश तिच्या कडेकडेनं नेलं, आत थेंबही पडू दिला नाही. पूर्ण वाळल्यावर अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून पातळ राखाडी केला आणि घुमटाच्या एका अंगाला सावलीचा एकच हात दिला. कोरा कागद एकदम गोल झाला. मी कितीतरी वेळ ब्रश तसाच धरून बघत राहिले.

घुमट संगमरवरी आहे, खालच्या बऱ्याच भागाला मात्र गिलावा आहे. तो पांढरा उन्हापावसानं जुनावलेला, किंचित पिवळट. सध्या तो जमवतेय.