चार वर्ग, दोन शिक्षक: तुम्ही विचारलंत म्हणून

सातारा जिल्ह्यातल्या जावळी, पाटण, महाबळेश्वर या बाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळेत कुणी पाहुणा आला की एक प्रश्न ठरलेला: "वर्ग चार आणि शिक्षक दोन, मग शिकवता तरी कसं?" नव्याने रुजू झालेले शिक्षकही हेच विचारतात. पालक जरा आडून विचारतात: "म्हणजे आमच्या पोराला निम्माच वेळ मिळतो म्हणायचा का?" शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ पटापर्यंत दोन शिक्षक. डोंगरातल्या शाळेचा पट तेवढा भरतच नाही, त्यामुळे जोडवर्ग, म्हणजे एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन वर्ग, इथे रोजचाच.

पालकांचं गणित कागदावर बरोबर आहे. चाळीस मिनिटांच्या तासिकेत एका वर्गाच्या वाट्याला शिक्षक पंधरा-सतरा मिनिटंच येतो. उरलेल्या वेळात त्या वर्गाच्या हातात काय असतं, यावरच जोडवर्ग तरतो किंवा बुडतो.

पहिला निर्णय जोड्यांचा. बहुतेक ठिकाणी पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसवतात, कारण अभ्यास जवळचा. पण त्यात एका शिक्षकाकडे दोन्ही वर्ग सतत 'बाई, बाई' करणारे येतात आणि दुसऱ्याकडे दोन्ही वर्ग त्यामानाने सुटे. आमच्या मते पहिलीबरोबर चौथी आणि दुसरीबरोबर तिसरी ही जोडी बरी. चौथीची मुलं वीस मिनिटं एकटी काम करू शकतात. पहिलीची मुलं दहा-बारा मिनिटांनंतर चुळबुळायला लागतात, म्हणून त्यांना एक मोठं काम देण्यापेक्षा दोन छोटी द्यावीत.

तासिका साधारण अशी चालते. घंटेआधीच फळ्याच्या अर्ध्या भागात चौथीची चार उदाहरणं लिहून ठेवायची: तीन नेहमीची, एक डोकं खाजवायला लावणारं. मुलं बसली की चौथी त्याला लागते आणि शिक्षक पहिलीपाशी जमिनीवर बसतात. पंधरा मिनिटांनी पहिलीला हाताचं काम: चिंचोक्यांचे दहा-दहाचे गट, नाहीतर भिंतीच्या तळफळ्यावर गिरवणं. मग शिक्षक चौथीकडे. शेवटची पाच मिनिटं दोन्हीकडे फिरून पाहायला. घोटाळा होतो तो बहुधा बाराव्या मिनिटाला. काम संपतं, वही घेऊन "झालं गुरुजी" म्हणत रांग लागते आणि पहिलीचा धडा मोडतो. म्हणून उदाहरण असं द्यावं, जे बरोबर आलं की नाही हे मुलालाच कळेल. भागाकार दिला तर पडताळा लिहायचाच: भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, येतो का भाज्य? आला तर पुढे, नाही आला तर स्वतः शोध. चित्रं-शब्द जुळवण्याच्या कार्डांच्या प्रत्येक जोडीला मागे सारखीच खूण असली की पहिली-दुसरीचंही असंच भागतं.

पहिलीला जूनमध्ये अ-आ-इ-ई पासून सुरुवात केली तर महिनाभर एकही शब्द वाचता येत नाही आणि मुलाचा उत्साह मावळतो. क, म, ल, न, र, ब ही सहा अक्षरं आणि काना एवढ्यावर कमल, मका, कान, नाक, बालक, रान एवढं वाचून होतं. घ-ध, म-भ, ब-व या सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नयेत. एक पक्कं झालं की मगच दुसरं. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण लिहिताना आधी काढायची असते, त्यामुळे ती मुलं हमखास चुकवतात. घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला बोलताना अडवू नये, ते बोलायचंच बंद होतं. लिहिताना मात्र ण लिहून घ्यावा.

दुसरीत खरी अडचण संख्यांची. सत्तावीस ऐकताना सात आधी कानावर पडतात, म्हणून मूल ७२ लिहितं. एकोणचाळीस तर त्याहून वाईट: ऐकू येतं चाळीस, मग लिहिलं जातं ४९. २०१९ मध्ये दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली, पण ज्यांनी ही चूक रोज तपासली आहे त्यांना त्यामागचा विचार लगेच कळला. वर्गात दोन्ही तऱ्हेने म्हणवून घ्यावं, तोटा काही नाही.

एकोणचाळीससाठी मात्र काड्यांना पर्याय नाही. नारळाच्या खराट्याच्या काड्या दहा-दहा सेंटिमीटरच्या कापायच्या, टोकं दगडावर घासायची, दोन मुलांत मिळून शंभर काड्या. दहाचा गठ्ठा बांधायला साधं रबर घेतलं तर ते पावसाळ्यात चिकट होऊन तुटतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे बारीक काप घ्यावेत, वर्षभर टिकतात. आता मुलाला चार गठ्ठे मांडायला सांगा: चाळीस. "यातली एक काडी मला दे." द्यायची तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. काडी दिल्यावर समोर उरतात तीन गठ्ठे आणि नऊ सुट्या. नाव चाळीसचं असूनही दशकाच्या घरात ३ का लिहायचे, हे ते तिथेच पाहतं. हातच्याच्या वजाबाकीचीही तयारी यातच होते. शिक्षकाने घाईने गठ्ठा स्वतः सोडून दाखवला तर सगळं वाया जातं.

एकच विषय चारही वर्गांना चार पातळ्यांवर द्यायचा असेल, तर शाळेच्या पोषण आहारासारखं साधन नाही. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोजचं प्रमाण ठरलेलं आहे: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०, तेल ५ ग्रॅम. समजा पट ३८ आणि आज हजेरी ३४. पहिली ताटं दहा-दहाच्या चळतीत मोजते: तीन चळती, वर चार. दुसरी ३८ मधून ३४ वजा करून गैरहजर किती ते सांगते. तिसरी ३४ गुणिले २० करून डाळ ६८० ग्रॅम काढते. चौथीकडे तांदूळ: ३४०० ग्रॅम म्हणजे ३ किलो ४०० ग्रॅम. मग स्वयंपाकाच्या मावशींच्या काट्यावर ते वजन करून बघायचं. चुका ठरलेल्या आहेत. काही जण हजेरीऐवजी पटाला गुणतात. काही जण ३४०० ग्रॅमचे ३४ किलो करतात. अशा मुलाला पाटी पुसायला सांगू नका, मावशींना जाऊन सांगायला सांगा. मावशी हसतात आणि चूक पुन्हा होत नाही.

जून-जुलैत पर्जन्यमापक करता येतो. सरळ बाजूंची बाटली घ्या. मधे खाच असलेल्या बाटलीचं माप चुकतं. वरचा भाग कापून उलटा बसवा, तळात बारीक खडी टाका, तळाचा फुगवटा झाकेपर्यंत पाणी ओतून तिथे शून्याची रेघ मारा आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली पागोळ्या आणि झाडापासून लांब ठेवायची. पहिली ढगाचं किंवा सूर्याचं चित्र काढते, दुसरी आकडा वाचते, तिसरी खांब रंगवते, चौथी आठवड्याची बेरीज करते. रविवारी आकडा कोण वाचणार? म्हणून सोमवारचा खांब दोन दिवसांच्या पावसाने ताड होतो, आणि तो तसा का, हे मुलांनाच विचारावं. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या माण-खटावच्या शाळेशी फोनवर आकडे ताडून पाहिले तर पावसातला पश्चिम-पूर्व फरक आपोआप निघतो.

परिपाठातला दिनविशेषही असाच वापरता येतो, फक्त त्यासाठी तो वाचून दाखवण्यापुरता ठेवू नये. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. छोट्यांना दोन वाक्यांत सांगावं. चौथीने त्याला किती वर्षं झाली ते काढावं.

सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या (एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालचा शाळांचा गट), कृतीतून शिकवण्यासाठी गाजलेल्या शाळा पाहायला एकेकाळी राज्यभरातून शिक्षक यायचे. त्यांतले बरेच जण परत जाऊन पहिलं काम काय करत, तर फरशीवर ऑइलपेंटने चौकटी आणि अंक रंगवत. रंग सोपा असतो. पण मुलांनी त्या चौकटींवर बसून, खडूने लिहून, पुसून काम करायचं होतं. रंग खराब होतो म्हणून वर सतरंजी अंथरली की त्याचा उपयोग संपला.

आणि मोठ्या मुलांना छोट्यांचे मास्तर करून टाकू नये. दहा मिनिटं, तेही वाचन ऐकायला, एवढंच. चौथीचं मूल शिकवायला बसलं की उत्तर सांगून मोकळं होतं, आणि त्याचा स्वतःचा अभ्यास तेवढ्यापुरता थांबतो. हुशार मुलीलाच रोज हे काम लागतं, हेही बरं नाही.

एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा केंद्राच्या बैठकीला गेला की चारही वर्ग एकावर येतात. त्या दिवशी नवा पाठ घेऊ नये. मैदान मोजायला काढावं: पहिली पावलांनी, दुसरी हातांनी, तिसरी मीटरच्या दोरीने, चौथी टेपने चारही बाजू मोजून परिमिती. पहिलीतल्या दोघांची पावलं वेगळी येतात, त्यावरून भांडण लागतं. ते लागू द्यावं, मीटर कशाला हवा हे त्यातूनच कळतं. टेप धरणारी मुलं सुरुवात १ च्या आकड्यापासून करतात, तेव्हा पहिल्या मापाला जवळ उभं राहावं आणि मग पहिलीकडे जावं.