विडीला कधी हात न लावता जडलेला आजार

भोरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका वाडीतून त्या आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीतल्या जाड फायलीत कित्येक वर्षांचे कागद होते आणि बहुतेक कागदांवर एकच निदान होते : दमा. वय साठीच्या जरा अलीकडचे, अंगकाठी किरकोळ, आणि बोलता बोलता मध्येच थांबून ओठ आवळून श्वास सोडण्याची सवय. खोकला जुना म्हणून क्षयाची तपासणी दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा थुंकीत जंतू सापडले नव्हते. प्रत्येक केसपेपरवर ‘धूम्रपान : नाही’ अशी नोंद होती. माझ्या मते निदान अडले ते त्याच ओळीपाशी, कारण ती एकदा लिहिली गेली की श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराचा, म्हणजे सीओपीडीचा, विचार बहुतेक ठिकाणी तिथेच सोडून दिला जातो.

“मावशी, घरी स्वयंपाक कशावर करता?” असे मी विचारले.

“चुलीवर. गॅस हाय की घरात, पन त्यो च्यापुरता.”

मी त्यांना पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस सांगायला लावला. आंघोळीचे पाणी तापवायला न्हाणीतली चूल, मग न्याहारीच्या भाकरी, दुपारी वैलावर जनावरांसाठी शिजणारे आंबोण, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. हिशेब केला तर रोजचे सहा तास भरत होते. लग्नानंतरची वर्षेच धरली तरी पंचेचाळीस, आणि त्याआधी आईच्या चुलीपुढे बसण्यात गेलेले बालपण वेगळे. अशा वेळी धुराचा एकूण भार मोजायला आम्ही रोजचे तास आणि वर्षे यांचा गुणाकार करतो. तो त्यांच्या बाबतीत २७० आला. घर कौलारू, बुटके, धुरांडे नसलेले. त्या भागातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको की जूनपासून पुढचे महिने दार-खिडकी उघडी ठेवता येत नाही, सरपण ओले राहते, ते पेटण्याऐवजी धुमसते आणि निघालेला सगळा धूर आढ्याखाली कोंडून राहतो. या धुरातले अडीच मायक्रॉनहून लहान कण नाकात किंवा घशात अडकत नाहीत, ते थेट सर्वांत बारीक श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात आणि तिथल्या अस्तराला वर्षानुवर्षे सूज आणत राहतात.

त्यानंतर स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांतून हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते याची तपासणी झाली. एवढ्या वर्षांत ती एकदाही झालेली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले. नळीभोवती ओठ घट्ट मिटायचे, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात सगळी हवा बाहेर फेकायची, इतकीच ती तपासणी आहे. पण मावशींना ते जमेना. त्या गाल फुगवून हळूहळू, बेताने फुंकत होत्या. आमची तंत्रज्ञ मुलगी त्याच भागातली. तिच्या ते लगेच ध्यानात आले. “मावशी, ही फुंकणी न्हाई. राख उडंल म्हनून जपू नका, पोटातनं जोर लावा,” ती म्हणाली. हाताला आणि श्वासाला जन्मभर लागलेले वळण असे एका मिनिटात सुटत नाही, पण काही प्रयत्नांनंतर त्यांनी खरोखर जोर लावला आणि पडद्यावर आलेख उमटला. निरोगी माणसाचा आलेख शिखरावरून जवळजवळ सरळ रेषेत खाली उतरतो. यांचा आलेख शिखर गाठताच आत खचला आणि मग तळाशी बराच वेळ रेंगाळत राहिला. सालब्युटामॉलचा पंप देऊन वीस मिनिटे थांबलो आणि पुन्हा तपासले. नुसता दमा असता तर औषधाने नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या होण्याची अपेक्षा असते. यांच्या पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा ८६० मिलिलिटरवरून जेमतेम ९०० वर गेली, म्हणजे असायला हवी त्याच्या सुमारे निम्मी. एकूण हवेशी तिचे प्रमाण ०.५४ होते. औषधानंतरही हे प्रमाण ०.७० पेक्षा कमी राहिले आणि सोबत अशी लक्षणे व धुराचा असा इतिहास असला, तर सीओपीडीचे निदान पक्के होते.

हे सांगताना मी एवढेच म्हणालो की हा आजार धूम्रपान करणाऱ्यांत नेहमी दिसतो. त्यावर सोबत आलेल्या त्यांच्या मुलाचा चेहराच बदलला. “डॉक्टरसाहेब, आमचं माळकरी घर आहे. आईच काय, आमच्यात विडीला कुणी शिवलेलं नाही.” त्याला तो आईवर घेतलेला आळ वाटला, आणि ते स्वाभाविकच होते. मग मी त्याला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांच्याविषयी सांगितले. फुप्फुसांच्या जुन्या विकारामुळे हृदयाची उजवी बाजू थकलेल्या दिल्लीतल्या रुग्णांचा त्यांचा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्यात क्वचितच धूम्रपान करणाऱ्या बायकाही पुरुषांच्याच प्रमाणात आजारी होत्या, आणि संशय चुलीच्या धुरावर होता. पुण्याचे फुप्फुसविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी ब्रिटिश फुप्फुसतज्ज्ञ पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली जगभरचे अभ्यास तपासून दाखवले की सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. एवढे सगळे माहीत असूनही केसपेपरवर इंधनाचा रकाना नसावा, हे मला आजही पटत नाही.

मावशींना लांब पल्ल्याचे औषध असलेला पंप सुरू केला, फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनिया करणारा एक जंतू) यांच्या लसी लिहून दिल्या, श्वासाचे व्यायाम शिकवले. पंपाची सवय लागते ही भीती काढायला औषध समजावण्यापेक्षा जास्त वेळ गेला. धुराचे काय करायचे हा प्रश्न मात्र औषधाने सुटणारा नव्हता. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि यांच्याकडे जोडणीही पोहोचली, पण सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात आणि सरपण रानात फुकट मिळते. ज्या घराला हा हिशेब रोज करावा लागतो, त्याला नुसते ‘चूल बंद करा’ असे सांगून मला पुढच्या रुग्णाकडे वळणे शक्य नव्हते.

सून इतका वेळ दाराशी उभी होती. आता चुलीपुढे जास्त वेळ तीच बसत होती. तिलाही मशीनवर बसवले. तिचे प्रमाण ०.८१ आले, अगदी चांगले. तो आकडा पाहिल्यावर मुलगा पहिल्यांदा आपणहून बोलू लागला. न्हाणीतली चूल मागच्या पडवीत नेता येईल आणि आंबोणही तिथेच शिजेल, असे त्यानेच सुचवले. घरातला स्वयंपाक गॅसवर करायचा आणि भाकरी चुलीवरच हवी असेल तर तीही पडवीत, असे ठरले.

दिवाळीनंतर मावशी तपासणीला आल्या. आकडे जवळपास तेच होते, कारण गेलेले फुप्फुस परत मिळत नाही. पण रात्रीचा खोकला कमी झाला होता आणि विहिरीपासून घरापर्यंत त्या न थांबता येत होत्या. पडवीला पत्रा घातला आहे, मात्र पावसाचा झोत एका बाजूने आत येतो, असे मुलगा सांगत होता. त्या बाजूला कूड घातला तर धूर पुन्हा कोंडेल, म्हणून पत्र्याची पागोळी लांबवायची आणि बाजू उघडीच ठेवायची, असे आम्ही कागदावर काढून ठरवले. सुनेची पुढची स्पायरोमेट्री पावसाळा संपल्यावर करायची आहे.